सात जणांची पानं

पाय गाव या खेळात पानं नेहमी सात जणांची वाटतात, टेबलाशी दोनच माणसं असली तरी. उरलेल्या पाच खुर्च्यांसमोर सात-सात पानं पालथी पडून राहतात आणि ती कोणी उघडायची नाहीत, असा नियम आहे.

डॉक्टर पद्माकर देवस्थळींच्या लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरी त्या पाचांतली एक खुर्ची लीलावती काकूंची होती. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. दुसरी मिस्टर लिऊंग यांची. ते दोन वर्षांपूर्वी गेले. बाकीच्या तीन 'जो येईल त्याच्या' होत्या. कोणी येत नसे. आठवड्याचा किराणा पोचवणारा माणूस यायचा, पण त्याला वेळ नसायचा. काकांनी त्याला विचारून पाहिलं होतं.

मी अवधूत. नागपूरचा. इथे एका विमा कंपनीत डेटाचं काम करतो, म्हणजे कोण साधारण कधी मरेल याचा अंदाज बांधतो. काकांच्या वरच्या मजल्यावरची खोली मी भाड्याने घेतली तेव्हा करारात एक अट पेनाने लिहिलेली होती: दर रविवारी सकाळी अकरा वाजता खाली येऊन पाय गाव खेळणे. नाव वाचून मला वाटलं, हे नगर जिल्ह्यात असेल. मी सही केली.

खेळ मूळचा चिनी. लिऊंग यांची आई हाँगकाँगमध्ये तो हाडाच्या सोंगट्यांनी खेळायची. पुढे अमेरिकेतल्या कॅसिनोवाल्यांनी सोंगट्या काढून पत्ते घातले, आणि तोच प्रकार मग लंडनला आला. काका हॅरोजवळच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते आणि लिऊंग त्याच ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन. तीस वर्षं एकाने माणसं झोपवली, दुसऱ्याने यंत्रं जागी ठेवली. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी दोघं टाय लावून कॅसिनोत जायचे, चार तास बसायचे आणि बहुतेक वेळा नेले होते तेवढेच पैसे घेऊन परत यायचे. या खेळात ते फार सोपं असतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी अकराला खाली आलो, तर काका पत्ते पिसत नव्हते. नुसते हातात धरून बसले होते.

"मंगळवारी कौन्सिलच्या बाई येणारेत," ते म्हणाले. "सोशल वर्कर. अनुने बोलावलंय."

अनु म्हणजे त्यांची मुलगी, अनुराधाताई. केंब्रिजला एका लॅबमध्ये असते. तिचं म्हणणं एवढंच होतं की अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने या घरात एकट्याने राहू नये. मी वर राहतो हे तिच्या हिशेबात 'एकट्याने' याच्यातच येत होतं. तिची चूक नव्हती.

"काय विचारतात हो त्या?"

"तारीख, वार, पंतप्रधान कोण. पंतप्रधानांचं मी सांगणारच नाही. या देशात तो प्रश्नच अन्यायाचा आहे." काकांनी पत्ते टेबलावर ठेवले. "मी त्यांना पाय गाव शिकवणार. जो माणूस पाय गाव धड शिकवू शकतो, त्याचं डोकं ठिकाणावर आहे. याहून मोठी टेस्ट एनएचएसच्या कुठल्याही हॉस्पिटलात नाही."

"आणि नापास झालात तर?"

काकांनी काकूंच्या खुर्चीकडे पाहिलं. "या घरात मला विचार करावा लागत नाही रे. रात्री उठलो तर पाय आपले आपण बाथरूमकडे जातात. चमचे कुठे ते हाताला माहितीय. दुसरीकडे नेलंत तर सगळं मला आठवावं लागेल." मग एकदम करड्या आवाजात म्हणाले, "चल. तू बाई हो."

मी बाई झालो. पाय जुळवून बसलो आणि एक काल्पनिक पर्स मांडीवर ठेवली.

"बावन्न पानं, वर एक जोकर," काका सुरू झाले. "जोकर म्हणजे एक्का, नाहीतर सिक्वेन्स किंवा फ्लश पुरा करायला. त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही." आणि माझ्याकडे बघितलं. "तीन फासे टाकायचे. बेरीज येईल तेवढ्या खुर्च्या मोजायच्या आणि तिथून वाटायला घ्यायचं. प्रत्येकाला सात पानं. त्या सातांचे दोन हात करायचे: पाच पानांचा मागे, दोन पानांचा पुढे. बँकेचे, म्हणजे वाटणाऱ्याचे, पण तसेच दोन. मागचा मागच्याशी भिडतो, पुढचा पुढच्याशी. दोन्ही जिंकलात तर तुम्ही जिंकलात. दोन्ही हरलात तर हरलात. एक जिंकला, एक हरला, तर पुश. कोणी कोणाला काही द्यायचं नाही. आपापलं उचलायचं."

"आणि एखादा हात सारखाच आला तर?" मी बाईंच्या आवाजात विचारलं.

"तो बँकेचा. कुठेतरी अन्याय लागतोच, बाई."

आम्ही शेंगदाण्यांवर खेळायचो. जिंकणाऱ्याकडून बँक वीस दाण्यांमागे एक दाणा कमिशन घेई आणि ताबडतोब खाऊन टाकी.

"आता महत्त्वाचं," काका म्हणाले आणि त्यांनी पानांवर बोट आपटलं. "मागचा हात पुढच्याहून वरचढच पाहिजे. जोरदार ते मागे. पुढचा हात वरचढ झाला की फाउल. खेळ तिथेच संपला, तुम्ही हरलात. आपल्या लोकांचा हमखास घोळ होतो तो इथेच."

हे मला अनुभवाने माहीत होतं. पहिल्या महिन्यात मी सलग फाउल केले होते. दोन एक्के आले की माझा हात ते आपोआप पुढे ठेवायचा, आणि मागे काय उरलंय ते मी बघायचोही नाही. माझ्या आईचं घर असंच चालतं. पाहुण्यांपुढे काचेच्या बशा आणि काजू, आतमध्ये कान तुटलेला कप.

"मला अकरा वर्षं लागली हे सुटायला," काका म्हणाले. "लिऊंग म्हणायचा, 'डॉक्टर, यू आर बीइंग पोलाइट टू द कार्ड्स.' आणि माझा फाउल त्याने एकदाही पोटात घातला नाही. कॅसिनोत नाही, घरी नाही, माझ्या वाढदिवसाला नाही. फाउल दिसला की बोलायचं, अवधूत. न बोलणारा माणूस टेबलावर बसून तरी काय उपयोग?"

"हो काका," मी म्हणालो आणि माझी काल्पनिक पर्स खाली ठेवली.

खरं म्हणजे तेव्हा माझ्या पोटात दोन गोष्टी होत्या.

पहिली मार्चमधली. काकांनी वरच्या टबचा नळ सोडला आणि मागच्या काचेच्या खोलीत जाऊन काकूंच्या कढीपत्त्याशी बोलत बसले. तासाभराने जेवणघराच्या छताचा एक चौकोनी तुकडा खाली टेबलावर उतरला, बरोबर मधोमध. ताईला मी फोनवर सांगितलं की नळ माझ्याकडून राहिला. ताई म्हणाली, "अवधूत, तुझं वय काय रे?" मी सांगितलं. तिला आकडा नको होता.

दुसरी एप्रिलमधली. गुरुवारी सकाळी आठ वाजता मी माझ्या खोलीत टोस्ट खात होतो. दारावर टकटक झाली. काका टाय लावून उभे होते, हातात एक रिकामी फाइल.

"शेवटचं कधी खाल्लंत?" त्यांनी इंग्लिशमध्ये विचारलं.

टोस्ट माझ्या हातात होता. "आत्ता," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा गंभीर झाला. "मग आज करता येणार नाही. उपाशीपोटी यायचं, हे सांगितलं नाही का तुम्हाला कोणी?"

"नाही."

"एखादा दात हलतोय का? कसली ॲलर्जी?"

मी जीभ फिरवून सगळे दात तपासले. एकही हलत नव्हता. तसं सांगितलं. काकांनी रिकाम्या फाइलमध्ये बघून मान डोलावली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका. तुम्हाला काही कळणार नाही. मी पूर्ण वेळ तुमच्या उशाशीच असतो."

माझ्या सव्वीस वर्षांच्या आयुष्यात मला इतका धीर कोणीच दिला नव्हता. ते गेल्यावर मी टोस्ट संपवला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. दहा मिनिटांनी खालून हाक आली, "अवधूत, चहा टाकलाय रे." मी खाली गेलो. टाय नव्हता. त्याबद्दल ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही, आणि ताईलाही कळवलं नाही.

मंगळवारी साडेदहाला ताई केंब्रिजहून आली. कोटसुद्धा न काढता तिने आधी फ्रिज उघडून बघितला. कौन्सिलच्या बाईंचं नाव डेबोरा. पन्नाशीच्या, शांत, पायात चालायचे बूट. काकांनी दार उघडलं तेव्हा ते ब्लेझरमध्ये होते. सोनेरी कडांचा टी-सेट बाहेर काढला होता, जो मी दोन वर्षांत फक्त काचेआड पाहिला होता.

तारीख, वार, महिना, सगळं बरोबर आलं. घराचा पत्ता पोस्टकोडसकट. औषधं कोणती, कशासाठी, हे सांगताना काकांनी डेबोराबाईंच्या स्वतःच्या ब्लड प्रेशरच्या गोळीवरही मत दिलं, आणि बाईंनी ते लिहून घेतलं. पंतप्रधानांचा विनोद झाला. बाई हसल्या. ताई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "गेल्या रविवारी फोनवर मला 'लीला' म्हणत होते रे." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खोटं पाडलं जात होतं आणि त्याचा तिला आनंदही होत होता, असा काहीतरी तो आवाज होता.

"बाबा फार छान बोलतायत," ती पुन्हा म्हणाली. "मी उगाच..."

मी चहा ढवळत राहिलो. साखर मी घेत नाही.

मग काकांनी पत्ते काढले.

मी इतका सुंदर तास कधी पाहिला नाही. हाडाच्या सोंगट्या, लिऊंग यांची आई, जोकर, फासे, पुश, एकही धागा तुटला नाही. डेबोराबाई वही मिटून पुढे सरकल्या. फाशांची बेरीज नऊ आली. काकांनी बोटाने हवेत खुर्च्या मोजल्या आणि सात ठिकाणी पानं वाटली: स्वतःला, बाईंना, ताईला, मला, आणि तीन जागा रिकाम्या.

"इथे कोण?" बाईंनी विचारलं.

"ही माझी बायको. हा लिऊंग. दोघंही वारलेत," काका म्हणाले. बाईंनी ताईकडे पाहिलं. काका हसले. "घाबरू नका, मला माहितीय ते वारलेत. त्यांची पानं आपण उघडत नाही. त्यांना हरवण्यात काय अर्थ?"

बाईंनी आपली जोडी पुढे ठेवली होती. काकांनी त्यांच्या पानांना हात न लावता, नुसतं बोट दाखवून, त्यांना थांबवलं. "आम्ही भारतीय हीच चूक करतो. तुम्ही कुठून शिकलात? जे चांगलं ते मागे." बाईंनी पानं बदलली. ताईने आपले हात लावले. मी माझे लावले. मग आम्ही सगळ्यांनी पानं उघडी केली आणि शेवटी बँकेने.

काकांच्या पुढच्या हातात राण्यांची जोडी होती. मागे नव्व्यांची जोडी, एक एक्का, एक छक्की, एक तिर्री.

दोन राण्या पुढे. दोन नव्व्या मागे.

मी पुन्हा पाहिलं, कारण माणूस पुन्हा पाहतो. पानं तीच होती.

"म्हणजे आता बँक जिंकली ना?" बाईंनी उत्साहाने विचारलं. "तुमच्या राण्यांपुढे माझं काहीच टिकत नाही!"

"काय अवधूत?" काका म्हणाले. "जिंकली ना?"

ताईला हा खेळ येत नव्हता. तिने कधी शिकून घेतला नाही. शनिवारी दुपारी वडील घरी नसायचे, त्याचं कारण तिच्या दृष्टीने हा खेळ होता. बाईंना तो येऊन अर्धा तास झाला होता. टेबलावर खेळ जाणणारी चार माणसं होती, आणि त्यांतली दोन वारलेली होती. तिसरे काका. ते माझ्याकडे बघत होते, निवांत, ब्लेझरमध्ये, आणि त्यांना खरंच दिसत नव्हतं.

'हो' म्हटलं असतं तर ते घरात राहिले असते. हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की जणू ते कागदावर छापून आलंय. सही, कप, दार, नमस्कार. मग रविवार. मग टबाचा नळ. मग एखाद्या गुरुवारी सकाळी काका टाय लावून माझ्या दारात न येता रस्त्यावर जातील, हॉस्पिटलकडे, भर गाड्यांतून, कारण कोणीतरी उपाशीपोटी त्यांची वाट बघत असेल.

लिऊंग यांच्या खुर्चीसमोर सात पानं पालथी होती. मी त्यांना कधी भेटलो नाही. फोटोत ते चष्मा लावतात.

"काका," मी म्हणालो, "फाउल."

काकांनी खाली पाहिलं. एक बोट राण्यांवर ठेवलं, मग नव्व्यांवर, मग पुन्हा राण्यांवर, हळूहळू, जसं काळोखात बटण शोधतात. मी मनात मोजत होतो. सतरापर्यंत आलो.

"बरोबर," काका म्हणाले. "फाउल आहे." मग त्यांनी ब्लेझरचं बटण काढलं आणि डेबोराबाईंकडे वळले. इंग्लिश अगदी स्वच्छ, थिएटरमधलं. "सकाळपासून मी तुमच्यापुढे माझं चांगलं तेवढंच मांडतोय. मागे काय आहे ते या मुलाला विचारा. त्याला माहितीय. मला नेहमी माहीत असतंच असं नाही."

"बाबा," ताई म्हणाली.

"अनु, थांब. सांग रे तू."

मी सांगितलं. नळाचं सांगितलं. ताईने छताकडे पाहिलं, जिथे रंगाचा एक चौकोन बाकीच्यापेक्षा पांढरा होता. टोस्टचं सांगितलं. दाताचं मी दोनदा सांगितलं. काका माझ्याकडे असे बघत होते, जसं कोणी दुसऱ्याच पेशंटची केस ऐकतं, लक्षपूर्वक, मध्ये न बोलता.

"तू उपाशी नव्हतास," सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले. "मग मी बरोबर केलं. पुढे ढकललं."

"हो काका. अगदी बरोबर केलंत."

बाई म्हणाल्या की लगेच काही ठरवायला नको, रोज मदतीला माणूस मिळू शकतो, आणखी पर्याय आहेत. काकांनी ते सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं. मग ताईला विचारलं, "तुझ्या घरी खालची खोली रिकामी आहे का गं? जिना नको मला."

ताईने होकारार्थी मान हलवली. काकांनी सोनेरी कडांचा कप उचलला, आत पाहिलं आणि तो माझ्याकडे सरकवला. "गार झाला. माझा नेहमीचा आण." त्यांचा नेहमीचा म्हणजे कान तुटलेला. मी तो आणला.

जुलैत घर बंद झालं. मी ईलिंगला राहायला गेलो. तिथे करारात काही अट नाही. मला ते विचित्र वाटतं.

ताई सांगते, काका केंब्रिजला पहिले दोन महिने चमचे शोधत होते. मग तिने एक कप्पा स्टॅनमोरसारखा लावला आणि शोधणं थांबलं. कढीपत्ता वाटेत गाडीत मेला. तिने दुसरा आणला, काकांना सांगितलं नाही. रविवारी अकरा वाजता ती आता खेळते. तिला येतो. चार वेळा फाउल झाला म्हणाली, आणि चारही वेळा काकांनी पकडला.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी मी ट्रेनने गेलो. खोलीत ऊन होतं. टेबल गोल होतं, पण खुर्च्या सातच मांडलेल्या. काका पत्ते पिसत होते, हात अगदी पूर्वीसारखे. मी 'काका, कसे आहात' म्हणत जवळची खुर्ची ओढली.

"तिथे नको," काका म्हणाले. "ती अवधूतची जागा आहे. तुम्ही असे पलीकडे बसा."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी पलीकडे बसलो. 'जो येईल त्याची' ती खुर्ची होती.

"खेळलायत कधी?"

"थोडंसं," मी म्हणालो.

"घाबरू नका. सोपं आहे. मी समजावून सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. बावन्न पानं, वर एक जोकर. जोकरशी आल्यावर मी थांबलो, पण या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "जोरदार ते मागे ठेवा. चुकलात तर मी सांगेनच. अवधूत असता तर त्यानेच सांगितलं असतं. तो सोडत नाही कोणाला."

"आज आला नाही का तो?"

"येईल," काका म्हणाले. "कामात असेल. म्हणून तर त्याची पानं वाटून ठेवतो."

फासे पडले. बेरीज बारा. पानं सात ठिकाणी गेली. मी माझे दोन हात लावले, चांगला मागे. पुढचा जिंकला, मागचा हरला. पुश. मी माझे शेंगदाणे उचलून घेतले. शेजारच्या खुर्चीसमोर अवधूतची सात पानं पालथी होती, माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर. एकदा हात तिकडे गेला.

"अंहं," काका म्हणाले. "तो नाहीये इथे. त्याची उघडायची नाहीत."

मी हात मागे घेतला.